काउंटरच्या पलीकडचा संगणक

खानदेशातील कोणत्याही बाजारगावात, बसस्थानकाजवळ किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात, आज एक तरी असे दुकान असते ज्याच्या फलकावर ‘आपले सरकार सेवा केंद्र’, ‘महा ई-सेवा केंद्र’, ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशा ओळी एकाखाली एक रंगवलेल्या असतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, नोकरभरती, वीजबिल, खात्यातून पैसे काढणे अशी कितीतरी कामे त्या एका टेबलावर होतात. पूर्वी ज्या कामासाठी चोपडा, शिरपूर किंवा शहादा गाठून दिवसाची मजुरी बुडवावी लागे, ते आता गावात होते, आणि ही सोय लहान नाही, हे मी मनापासून मानते. तरीही या केंद्रांत गेल्यावर एक गोष्ट मला दर वेळी खटकते. संगणकाच्या पडद्याचे तोंड केंद्रचालकाकडे असते आणि ज्याचे काम आहे तो माणूस पडद्याच्या मागे, हातात कागदांची पिशवी धरून उभा असतो. गावात संगणक येऊन बराच काळ लोटला, परंतु गावातील बहुसंख्य माणसांनी आजवर त्याची पाठच पाहिली आहे.

अर्ज भरून मिळणे आणि संगणक वापरायला मिळणे या दोन निराळ्या गरजा आहेत. पहिली गरज भागवणारी केंद्रे आपण गावोगावी उभी केली. दुसरी गरज मात्र पहिलीच्या पोटात आपोआप भागेल असे गृहीत धरले गेले आणि ती भागली नाही. गावाला असे एक ठिकाण हवे, जिथे शेतकरी, शाळकरी मुलगी, बचत गटाची सचिव किंवा नोकरीच्या शोधातील तरुण स्वतः खुर्चीवर बसेल, स्वतःच्या हाताने अक्षरे टंकित करेल, आणि अडले तर सांगणारे कोणीतरी शेजारी असेल. सार्वजनिक संगणक केंद्र या कल्पनेचा मूळ अर्थच तो होता. स्वीडनमधील वेमदालेन या दुर्गम गावी १९८५ मध्ये अशा प्रकारचे पहिले केंद्र उभे राहिले, ते तिथल्या रहिवाशांना संगणक शिकता आणि वापरता यावा, म्हणून.

आपल्याकडेही सुरुवात कागदावर तरी अशीच होती. केंद्र सरकारने २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन आराखडा मंजूर केला आणि त्याच वर्षी सामाईक सेवा केंद्रांची योजना आखली. सहा लाख खेड्यांसाठी एक लाख केंद्रे, म्हणजे साधारण सहा गावांमागे एक, असे तिचे गणित होते. शासकीय सेवांबरोबर शिक्षण, आरोग्य, शेती, प्रशिक्षण आणि करमणूक हेही त्या केंद्रांतून मिळावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. महाराष्ट्रात २०११ मध्ये ग्रामपंचायतींतून ‘संग्राम’ हा प्रकल्प सुरू झाला आणि २०१६ पासून त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. नावे बदलली, फलक बदलले, ग्रामपंचायतीच्या खोलीतील संगणकही एक-दोनदा बदलला. पण शिक्षण, आरोग्य आणि करमणूक हे शब्द मधल्या वाटेत कुठे तरी गळून पडले आणि दाखले तेवढे उरले.

आपल्या शेजारीच एक जुना प्रयोग झाला होता, त्याची आठवण इथे ठेवली पाहिजे. शिरपूरहून आग्रा रोडने सातपुडा ओलांडून, सेंधवा मागे टाकून पुढे गेले की मध्य प्रदेशातील धार जिल्हा लागतो. तिथे जानेवारी २००० मध्ये ‘ज्ञानदूत’ हा प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या सूचनालयांतून, म्हणजे संगणक ठेवलेल्या माहिती केंद्रांतून, बाजारभाव, जमिनीचे उतारे आणि तक्रारी नोंदवण्याची सोय थोड्या शुल्कात मिळू लागली, आणि त्याच वर्षी या प्रकल्पाला स्टॉकहोममध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुढे वीज, दूरध्वनीची वाहिनी आणि तक्रारीला उत्तर देणारा अधिकारी या तिन्हींचा भरवसा राहिला नाही, तसा लोकांचा ओघ आटला. आपल्याच राज्यात कोल्हापूर जिल्ह्यातील वारणा परिसरात १९९८ मध्ये सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने सत्तरेक गावे संगणकांनी जोडण्याचा मोठा प्रकल्प झाला होता. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा त्या संगणकांवर मुख्यतः उसाच्या वजनाची आणि खताची माहिती दिली जात होती, आणि तेवढे काम तर साध्या मोबाइलच्या संदेशांवरही भागते, असे त्यांनी २००६-०७ च्या सुमारास प्रत्यक्ष करून दाखवले. मला या दोन्ही प्रयोगांतून एकच गोष्ट दिसते. गावकऱ्याला केवळ माहिती घेणारा मानून केंद्र उभारले, तर माहिती मिळण्याचा दुसरा स्वस्त मार्ग निघताच केंद्राचे प्रयोजन संपते.

खानदेशाचे आणि संगणकाचे नाते तसे दूरचे नाही. पुढे संगणक आणि संगणकप्रणालींच्या व्यवसायात जगभर नाव मिळवलेल्या विप्रोचा जन्म १९४५ मध्ये अमळनेरात, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून झाला. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या टेंभली या गावी, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिले गेले. ज्या ओळखक्रमांकावर आज रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत सारे व्यवहार टेकलेले आहेत, त्याची सुरुवात आमच्या आदिवासीबहुल तालुक्यातून झाली. ओळख संगणकात नोंदवण्याचा पहिला मान ज्या भागाला मिळाला, त्या भागातील माणसाला संगणकासमोर बसण्याचा मान मिळावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

केंद्रातील पडदा चालकाकडेच का वळलेला राहतो, याचे उत्तर चालकाच्या स्वभावात शोधू नये. ते पैशाच्या रचनेत आहे. खासगी केंद्राचा चालक स्वतःच्या भांडवलावर दुकान थाटतो, जागेचे भाडे आणि इंटरनेटचे पैसे स्वतः भरतो, आणि त्याला मोबदला मिळतो तो प्रत्येक अर्जामागे. राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्याकडून घ्यायचा एक रुपया आणि विमा कंपनीकडून केंद्राला मिळणारे प्रति अर्ज चाळीस रुपये, असा तो हिशेब होता. तासाभरात जितके अर्ज, तितकी कमाई. अशा ठिकाणी एखाद्या शेतकऱ्याला खुर्चीवर बसवून, ‘तुम्हीच भरा, मी शेजारी थांबतो,’ असे म्हणणे चालकाला परवडणारे नाही. ग्रामपंचायतीतील संगणक परिचालकांची गत वेगळी असली तरी बरी नाही. ग्रामपंचायतीच्या निधीतून निघणारे त्यांचे मानधन तुटपुंजे आणि अनियमित राहिले, कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, आणि ज्याचे स्वतःचे मानधन थकले आहे त्याने गावाला संगणक शिकवावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

त्यात गर्दीचे हंगाम येतात. २०१७ च्या पावसाळ्यात कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, तेव्हा केंद्रांबाहेर रात्री उशिरापर्यंत रांगा होत्या. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आधी रहिवासाचे आणि उत्पन्नाचे दाखले मागितले गेले आणि मग अटी शिथिल झाल्या. त्या मधल्या दिवसांत बायका कडेवर मूल घेऊन सकाळपासून बसून होत्या. शिवाय पीएम-किसानची केवायसी, ई-पीक पाहणी, फार्मर आयडी हे वर्षभर चालूच असते. ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘ओटीपी आला का?’, ‘थम लागत नाही, हात धुऊन या’ ही वाक्ये आता आमच्या बोलीत रुळली आहेत. कापूस वेचून, विळ्याने चारा कापून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा ठसा यंत्राला लागत नाही आणि त्या वृद्ध स्त्रिया स्वतःचाच काही अपराध झाल्यासारख्या ओशाळून पदराला बोटे पुसत राहतात. हे पाहवत नाही.

दुसऱ्याच्या हाताने सारे होत गेल्याने काय बिघडते, ते लगेच दिसत नाही. मी आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि तिथे येणाऱ्या मुलामुलींच्या शिष्यवृत्तीच्या अडचणी माझ्यापर्यंत येतात. खाते उघडताना ज्याने फॉर्म भरला त्याने घाईत स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकलेला असतो. पुढल्या वर्षी नूतनीकरणासाठी ओटीपी त्या क्रमांकावर जातो आणि तोवर तो क्रमांक बंद झालेला असतो. पासवर्ड मुलीला माहीतच नसतो, तो केंद्राच्या वहीत असतो. नावातील एक वेलांटी, जन्मतारखेतील एक आकडा, विलीन झालेल्या बँकेचा जुना आयएफएससी कोड अशा चुका अर्ज पाठवण्यापूर्वी पडद्यावर वाचल्या असत्या तर तिथेच सुधारल्या असत्या. पण वाचायला पडदा समोर हवा ना! अर्ज नाकारला गेला की दोष कोणाचा, हे सांगता येत नाही. चालक म्हणतो कागदात तसेच होते, कार्यालय म्हणते ऑनलाइन तसे भरले होते, आणि वर्षाची शिष्यवृत्ती जाते ती मुलीची.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग संगणक हवा कशाला, असे मला पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. बाजारभाव, हवामान, पैसे पाठवणे, बोलणे हे मोबाइलवर उत्तम होते. रावेर-यावलचा केळी बागायतदार बऱ्हाणपूरचा भाव सकाळी फोनवरच पाहतो. पण पाहणे वेगळे आणि काही तयार करणे वेगळे. चार पानांचा अर्ज स्वतः लिहायचा, वर्षाचा खर्च तक्त्यात मांडायचा, प्रमाणपत्रे स्कॅन करून सांगितलेल्या आकाराच्या पीडीएफमध्ये बसवायची, नोकरीसाठी आपली माहिती नीट एका पानावर मांडायची, मराठी किंवा इंग्रजी टंकलेखनाचा वेग वाढवायचा, ही कामे बोटभर पडद्यावर होत नाहीत आणि झाली तरी त्यांतून कौशल्य येत नाही. शिवाय ‘घरात मोबाइल आहे’ याचा अर्थ बहुतेक घरांत तो वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात आहे, असा असतो. तो मुलीच्या हाती येतो रात्री जेवणे झाल्यावर, उरलेल्या डेटावर.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्क्यांकडे. पाच वर्षांवरील ग्रामीण व्यक्तींपैकी संगणक चालवता येणाऱ्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. त्यानंतर मोबाइल इंटरनेट पुष्कळ पसरले, पण घरात संगणक घेण्याची ऐपत गावाकडे त्या वेगाने वाढलेली मला दिसत नाही. आणि इकडे परीक्षा संगणकावर गेल्या. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची राज्य प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावर होते, २०२३ ची तलाठी भरतीची परीक्षा संगणकावर झाली. धडगावच्या पाड्यावरची मुलगी पहाटे निघून धुळ्याच्या किंवा नाशिकच्या परीक्षा केंद्रावर पोहोचते आणि आयुष्यात पहिल्यांदा माउस हातात घेते तो त्या परीक्षेत. तिच्या शेजारच्या संगणकावर बसलेल्या शहरी मुलाचे सारे लक्ष प्रश्नात असते. तिचे अर्धे लक्ष पडद्यावर बाण कुठे गेला, हे शोधण्यात जाते. दोघांना एकाच मोजमापाने गुण मिळतात.

प्रशिक्षणाच्या योजना झाल्या नाहीत असे नाही. राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटी आहे आणि तिच्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी एक पिढी संगणकाला सरावली. केंद्राच्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने २०१७ पासून दर घरातील एका व्यक्तीला वीस तासांचे प्रशिक्षण देण्याचे ठरवले, सहा कोटी माणसांचे लक्ष्य ठेवले, आणि ते अभियान मार्च २०२४ अखेर संपले. आमच्या परिसरातील त्याची प्रमाणपत्रे अनेक घरांत फाइलमध्ये लावलेली आहेत. पण वीस तास शिकून झाल्यावर एकविसाव्या तासाला बसायला जागा नव्हती. कॅरिअरवर बसून कोणी सायकल शिकत नाही, आणि शिकल्यावर सायकल काढून घेतली तर शिकलेलेही विसरायला होते. सरावाची जागा नसलेले प्रशिक्षण हा खर्च वाया घालवण्याचा मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माध्यमिक शाळांतील संगणककक्षांचीही कथा अशीच अर्धी राहिली. २००४ च्या केंद्रीय योजनेतून शाळांना आयसीटी प्रयोगशाळा मिळाल्या, सोबत कंत्राटी निदेशक आले, पाच वर्षांचा करार संपला तसे निदेशक गेले आणि संगणकांवर कापडी खोळी चढल्या. ज्या शाळांत ते सुरू आहेत, तिथेही शाळा सुटली की खोलीला कुलूप लागते. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटी, म्हणजे शिकण्याचा मोकळा वेळ, नेमका कुलपात जातो. दुसरीकडे धुळे जिल्ह्यातील गावांनी गेल्या दशकात लोकवर्गणी काढून जिल्हा परिषदेच्या शाळांत डिजिटल वर्ग उभे केले. मुलांसाठी गाव पैसा काढते, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. त्या पैशाने आलेले साधन संध्याकाळी गावासाठी खुले ठेवण्याची व्यवस्था मात्र कोणी लावली नाही.

म्हणून आम्ही वाचनालयाचा विचार केला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मधला. त्याच्या आधाराने राज्यात हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालये आहेत आणि त्यांतील मोठा हिस्सा गावांतील ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या लहान वाचनालयांचा आहे. वाचनालयाकडे जे आधीच असते ते कोणत्याही सेवा केंद्राकडे नसते: सर्वांना मोकळी असलेली खोली, ठरलेली वेळ, सभासदांची वही, हिशेब देणारी कार्यकारिणी, आणि कामाशिवाय येऊन तासभर बसले तरी ‘काय काम आहे?’ असे कोणी विचारत नाही ही रीत. आमच्याकडे पुण्यात नोकरी करणाऱ्या गावच्या मुलांनी कार्यालयातून निघालेले दोन संगणक आणून दिले. वर्गणीतून इन्व्हर्टर घेतला, कारण वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि अर्ज अर्धा भरलेला असताना ती गेली, की नवशिक्या माणसाचा धीर सुटतो. खुर्च्या वाचनालयाच्याच होत्या. पहिल्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, दुपारी यंत्रे तापून बंद पडू लागली, तेव्हा आम्ही दुपारची वेळ काढून टाकली आणि सकाळ-संध्याकाळ ठेवली. शेतातून माणसे परततात तीही वेळ तीच होती.

नियम थोडे केले. एका वेळी अर्धा तास, पुढे कोणी थांबलेले नसेल तर आणखी अर्धा तास. वहीत नाव लिहायचे. आणि सर्वात महत्त्वाचा नियम मदतनिसासाठी: शेजारी बसायचे, बोटाने दाखवायचे, पण माउस आणि कीबोर्डला हात लावायचा नाही. हा नियम पाळणे फार कठीण आहे. समोरचा माणूस एक अक्षर शोधायला वेळ लावतो, आपले हात शिवशिवतात, ‘सरका, मी करून देते’ हे शब्द ओठांवर येतात. पण तो कीबोर्ड एकदा आपल्याकडे ओढून घेतला की वाचनालयातही एक काउंटर तयार होतो. ‘ताई, मना फारम भरी दे,’ असे म्हणत आलेली माणसे सुरुवातीला थोडी रागावली, काही परत गेली, आणि त्यांच्यासाठी सेवा केंद्र आहेच. जी थांबली त्यांचे काम मात्र पाहण्यासारखे होते.

एका केळी उत्पादकाने रोपे, ठिबक, खत, मजुरी आणि घडांचे वजन यांचा तक्ता स्वतः मांडला आणि वरचा आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलते हे पाहून पुढच्या वेळी तो जुन्या वह्या घेऊन आला. बचत गटाच्या सचिव असलेल्या वहिनींनी कर्जवाटपाची नोंद संगणकावर घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या वहीत व्याजाची एक चूक बऱ्याच काळापासून पुढे ओढली जात होती, ती तक्त्यात सापडली आणि ज्या सभासद बाईकडून जास्त पैसे घेतले गेले होते तिला ते परत मिळाले. दहावीच्या मुलींनी शिष्यवृत्तीच्या खात्यात स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकला, स्वतःचा पासवर्ड ठेवला आणि तो कोणालाही सांगायचा नाही, मलाही नाही, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतले. बारावी झालेली मुले परीक्षेच्या सराव चाचण्या देऊ लागली. या गोष्टींची कोणत्याही अहवालात नोंद होत नाही. तेथे ‘किती अर्ज भरले’ हाच रकाना असतो.

मुली आणि स्त्रिया यायच्या असतील तर जागा आणि वेळ यांचा विचार आधी करावा लागतो, नंतर नव्हे. पानटपरीला लागून असलेल्या केंद्रात, जिथे बाहेर मोटारसायकलींवर तरुण बसलेले असतात, तिथे एकटी मुलगी पायरी चढत नाही. आमचे वाचनालय शाळेच्या वाटेवर आहे, हा निव्वळ योगायोग, पण त्याचा फार उपयोग झाला. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ मुलींसाठी राखून ठेवला आणि तेव्हा मदतीला बाईच असेल असे पाहिले. पडदे सर्वांना दिसतील असे मांडले, त्यामुळे पोरे भलतेच काही पाहत बसतील ही गावाची काळजी, जी खरी होती, पुष्कळ कमी झाली.

भाषेचा प्रश्न मोठा आहे. संकेतस्थळांवरील मराठी ही कार्यालयीन मराठी असते. ‘अर्जदाराने सदर बाब प्रमाणित करावी’ हे वाक्य शहरातील पदवीधरालाही दोनदा वाचावे लागते, मग घरात अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिलोरी किंवा मावची बोलणाऱ्या माणसाचे काय होत असेल? इथे शेजारी बसणाऱ्या माणसाची खरी गरज असते. अर्थ बोलीत सांगायचा आणि लिहू त्याला द्यायचे. मराठी टंकलेखनासाठी आम्ही पहिल्यापासून युनिकोड आणि इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी ठेवली. जुन्या फाँटमध्ये केलेली गावातील कागदपत्रे दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसतो, तो वारसा नव्या मुलांना द्यायचा नव्हता. इनस्क्रिप्टवर हात बसायला काही आठवडे लागतात; एकदा बसला की तो कामी येतो.

सातपुड्याच्या आतील भागाला ही मांडणी जशीच्या तशी लागू होणार नाही, हे मला माहीत आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक पाड्यांवर मोबाइलचे जाळे पकडायला टेकडी चढावी लागते. पण जाळे नाही म्हणून संगणक निरुपयोगी ठरत नाही. ‘किविक्स’ या मोफत प्रणालीने संपूर्ण मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की तो इंटरनेटशिवाय वाचता येतो. टंकलेखन, तक्ते, चित्रे, गणिताचे सराव यांना जाळे लागतच नाही. आश्रमशाळेत किंवा पाड्यावरच्या समाजमंदिरात सौर पॅनेलवर चालणारे दोन लॅपटॉप ठेवले, तरी परीक्षेत पहिल्यांदा माउस धरण्याची वेळ येणार नाही. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि त्याचे काय करायचे हे ग्रामसभा ठरवते. रस्ता आणि गटार यांच्या यादीत ही एक ओळ घालण्याचा अधिकार गावाकडे आजही आहे.

गाव सामाईक वस्तू सांभाळू शकत नाही, चार दिवसांत संगणक मोडून टाकतील, ही शंका शहाणी माणसे घेतात. त्यांनी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाड्याला जाऊन यावे. उजाड झालेले जंगल त्या आदिवासी गावाने स्वतः नियम करून, स्वतः राखण करून परत उभे केले, आणि त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जे लोक जंगल राखू शकतात ते एक खोली आणि दोन यंत्रे राखू शकत नाहीत, हे मला पटत नाही. फक्त नियम त्यांचे असले पाहिजेत आणि किल्ली गावात असली पाहिजे.

सरकारकडून मला नवी योजना नको आहे. आहे त्यात तीन गोष्टी बदलल्या तरी पुरे. भारतनेट या केंद्राच्या योजनेतून वेगवान इंटरनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत आणण्याचे काम २०११ पासून चालू आहे. जिथे ती पोहोचली आहे तिथे पेटी कार्यालयात बंद ठेवण्याऐवजी तिची जोडणी वाचनालयाला किंवा शाळेला द्यावी. केंद्रचालकाला आणि परिचालकाला अर्जांच्या मोबदल्याखेरीज आठवड्यातील काही तास लोकांना स्वतः करू देण्यासाठी निश्चित मानधन द्यावे, म्हणजे पडदा वळवणे त्याला परवडेल. आणि प्रत्येक केंद्रात अर्जदाराच्या बाजूला दुसरा पडदा बसवावा, ज्यावर चालक काय भरत आहे ते माणसाला वाचता येईल. दुसरा पडदा जोडायला एक तार लागते. बँकांनी आणि पेट्रोल पंपांनी ग्राहकाकडे तोंड केलेले आकडे कधीच बसवले आहेत.

येत्या ग्रामसभेत आम्ही वाचनालयासाठी जोडणीचा आणि वीजबिलाचा ठराव मांडणार आहोत. वीजबिल हाच आमचा अडलेला प्रश्न आहे, कारण साधने देणारे पुष्कळ भेटतात आणि दरमहाचा खर्च उचलणारा भेटत नाही. पुणे, नाशिक, सुरत, मुंबई येथे असलेल्या खानदेशी वाचकांना एक विनंती करते. आपल्या मूळ गावी वाचनालय असेल तर जुना संगणक देण्यापूर्वी तिथल्या मंडळींशी बोला. किमान चार जीबी रॅम, एसएसडी बसवलेली, मराठी कीबोर्ड चालू केलेला आणि आपली खासगी माहिती पूर्ण पुसलेली असू द्या. बॅटरी संपलेले लॅपटॉप, तुटके कीबोर्ड किंवा छायाचित्रांसाठी एका दिवसापुरते उद्घाटन यांचा गावाला भार होतो. त्याऐवजी एका वर्षाच्या इंटरनेटचे आणि विजेचे पैसे वाचनालयाच्या खात्यात जमा करून त्याची पावती घ्या, आणि सुटीत गावी आलात की एक संध्याकाळ मदतनीस म्हणून शेजारच्या खुर्चीवर बसा. माउसला हात न लावण्याचा नियम तुम्हालाही लागू राहील.